कोरा नमुना

पिएदाद ओहोटीला चिखलीच्या खाडीत उतरते
आणि पायाच्या अंगठ्याने चिखल वाचते.
तिसरी कुठे, खुबा कुठे, फुटकी बाटली कुठे,
अंगठ्याला कळतं.
मला सूक्ष्मदर्शक लागतो.

दर सोमवारी ती मला वीस मोजून देते,
वर एकविसावी घालते. सवयच तिची.
मी लांबी घेते, वजन घेते,
शिंपला उघडून मांस चंबूत सोडते,
वर पोटॅश, साठ अंशांवर दोन दिवस.
पाय विरघळतो. कल्ले विरघळतात.
ज्या पोटाने थेंब थेंब झुआरी गाळली
ते पोट विरघळतं.
मग जे विरघळत नाही
ते मोजायचं.
एवढ्याचाच मला पगार आहे.

गाळणकागदावर
निळा धागा. पुन्हा निळा.
हिरवा, पीळ असलेला, दोराचा.
लाल कपची, कडा झिजलेली,
बहुतेक एखाद्या बादलीची.
आणि एक पारदर्शक, कशाचंच नाव नसलेलं,
ज्याला मी सुई तापवून टेकवते.
आक्रसतं.
तेव्हा कळतं, हे कधीच जिवंत नव्हतं.

नऊ नंबरच्या तिसरीत सात.
त्यातले निळे चार.

निळा मी ओळखते.
पायरीवर बसून, पाय ताणून,
अंगठ्यात दोरी अडकवून
पपा जाळं सांधायचे, तो निळा.
उरलेली टोकं दातांनी तोडायचे
आणि थुंकायचे बाजूला,
भरती असली तर थेट पाण्यात.
त्याच जाळ्यातून माझी फी आली,
हा सूक्ष्मदर्शक ओळखण्याइतकी विद्या आली.
अहवालात स्रोताचा रकाना आहे.
मी लिहिते: मासेमारीची साधने.

खाजणाच्या बांधावर पहाटे पाणमांजरं येऊन जातात.
त्यांची विष्ठा एका ठरलेल्या दगडावर असते,
तीही मी चिमट्याने उचलते, डबीत भरते.
खवले, कुर्लीची नांगी, काटे,
आणि आता हेही.
परवा एक मादी पिल्लासाठी अर्धा मासा ठेवून
मागे सरली, त्याचं खाणं बघत राहिली.
मीही बघत राहिले.
आमच्यातलं मोजता येणारं कोण ते मला माहीत होतं,
पण मोजून मी काय करणार होते तिथे?

पिएदाद विकायच्या आधी तिसऱ्या
रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवते, आत एक कोयता टाकून.
सकाळी टोपाच्या तळाला बोटभर रेती.
तिने विचारलं,
"रेंव भायर उडयतात गो त्यो. मागीर हें कित्याक ना?"
माझ्याकडे उत्तर आहे, आलेखासकट.
तिला आलेख नको होता.
वास्कोच्या बाजारात शंभराला एक वाटा लावताना
गिऱ्हाइकाला काय सांगायचं, एवढंच हवं होतं.
मी म्हटलं, एक वाटा मला दे.
तिने दिला. वर चार घातल्या.
नारळ घालून केल्या, खाल्ल्या. रुचकर होत्या.

पद्धत अशी आहे:
दर खेपेला एक कोरा कागद
टेबलावर उघडा ठेवायचा,
तिसरीशिवाय, खाडीशिवाय.
हवेतून काय पडतं, माणसावरून काय पडतं
ते कळावं, आणि वजा करता यावं.
काल त्यावर एक धागा होता.
जांभळा. केसाहून बारीक.
खिडकी बघितली, पंखा बघितला,
पुसायचं फडकं उलटंसुलटं केलं.
मग एप्रनच्या गळ्यातून डोकावणारी
माझीच ओढणी दिसली.

नोंदवहीत लिहिलं:
कोरा नमुना, जांभळा, एक.
स्रोत: मी.
मग नियमाप्रमाणे स्वतःला वजा केलं.
नऊ नंबरचे सात तरी सातच राहिले,
त्यात जांभळा नव्हता.

संध्याकाळी ओढणी धुवायला घेतली.
बादली भरली, साबण घातला,
पाण्यात हात घालून पिळणार
तेवढ्यात लक्ष गेलं मोरीच्या भोकाकडे,
त्याच्यापुढच्या गटाराकडे,
गटारापुढच्या त्या उताराकडे,
जिथून पिएदाद उतरते.
हात तसाच राहिला,
फेस विरेपर्यंत.